अळणी सल्ले

आजारपणाने मला काही शिकवलं नाही. हे आधीच सांगते, म्हणजे तशा आशेने वाचायला बसलेल्यांना उठून जाता येईल. मी पूर्वीपेक्षा समंजस झालेले नाही. सकाळच्या उन्हाकडे पाहून मला गहिवरून येत नाही. आणि ज्यांच्या शहाणपणामुळे मी मरता मरता राहिले, त्यांना मी माफही केलेलं नाही.

मी धामणगाव बढ्याच्या एका शाळेत लिपिक आहे. माझा नवरा प्रकाश विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करतो आणि त्यांचे सुटे भाग विकतो. माझा आजार असा, की दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथी असतात, त्या माझ्या निकामी झाल्या. त्या ग्रंथींमधून जे झिरपतं त्याच्या जोरावर अंगातलं मीठ, पाणी, साखर आणि रक्ताचा दाब आपापल्या जागी राहतो. धडधाकट माणूस उन्हातान्हात हिंडतो, उपास करतो, तापाने फणफणतो, शेजाऱ्याशी भांडतो, आणि आतलं सगळं पुन्हा जिथल्या तिथे येऊन बसतं. त्याला त्यासाठी बोटही हलवावं लागत नाही. मला दोन प्रकारच्या गोळ्या घ्याव्या लागतात. एवढं वैद्यकशास्त्र पुरे. ज्यांना नुकतंच हे निदान झालंय त्यांना बाकीचं डॉक्टर सांगतील. डॉक्टर जे सांगत नाहीत ते मी सांगते, आणि ते बहुतेक माणसांबद्दल आहे.

रंग

सुरुवात रंगापासून झाली. आधी बोटांची पेरं काळवंडली, मग कोपरं, मग मान, मग चेहरा. लहानपणी गुडघ्याला लागलेल्या खुणा होत्या, त्याही कोळशाने गिरवल्यासारख्या ठळक झाल्या. आणि त्याच काळात माझं वजन उतरत गेलं.

आता विचार करा. चाळिशीच्या आतबाहेरची एक बाई, दिवसभर कार्यालयात पंख्याखाली बसून काम करणारी, डोक्यापासून पायापर्यंत काळी पडत चालली आहे, तिचे ब्लाउज तिला ढगळ होताहेत, जिन्यात ती मध्येच थांबते. तिला पाहून भोवतालच्या शिकल्यासवरल्या लोकांनी काय म्हणावं? शाळेतल्या बायांनी बेसन आणि दही सांगितलं. खामगावला राहणाऱ्या माझ्या नणंदेने, कुसुमताईने, एक क्रीम पाठवलं आणि उन्हात फिरत नको जाऊ असा निरोप दिला. आमच्या एका शिक्षिकेने मला बाजूला घेऊन विचारलं की एवढी बारीक कशी झालीस, काय डाएट करतेस, मलाही सांग. मी मरायला लागले होते आणि तिला त्याची कृती हवी होती.

रंग हा आपल्याकडे फक्त लग्न जमवण्यापुरता पाहायचा असतो. माणूस आजारी असल्याची ती खूण असू शकते हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझं लग्न झालेलं होतं, त्यामुळे बहुतेकांच्या दृष्टीने विषय तिथेच संपत होता.

मीठ

मग मिठाची ओढ लागली. ती मला नीट सांगता येणार नाही. ज्याला तहान माहीत आहे त्याने तहानेच्या जागी मीठ ठेवून पाहावं. लोणच्याच्या बरणीतला खार मी वाटीत काढून प्यायचे. वरणात सगळ्यांसाठी पुरेल एवढं मीठ टाकून झालं की माझ्या ताटात वेगळं घ्यायचे. कार्यालयातल्या टेबलाच्या खणात मी मिठाची पुडी ठेवत होते आणि कुणी पाहत नाही असं पाहून चिमटीने तोंडात टाकत होते. खुर्चीतून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. टेबलाचा काठ धरून उभं राहायचं, अंधारी ओसरेपर्यंत फाइल शोधतेय असं दाखवायचं.

आमच्या इथल्या डॉक्टरांनी कमजोरी म्हणून सलाईन लावलं. दोन दिवस मला एकदम बरं वाटलं. मग पुन्हा गळून गेले, पुन्हा सलाईन, पुन्हा दोन दिवस बरे. गावात डॉक्टरांचं नाव झालं. सलाईन म्हणजे शेवटी मिठाचं पाणीच. माझं अंग जे मागत होतं तेच त्यांनी शिरेतून दिलं, आणि ते का लागू पडतंय हा प्रश्न त्यांना एकदाही पडला नाही. श्रेय मात्र त्यांनी घेतलं.

प्रकाशने मग मला बुलढाण्याच्या एका मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. राजूरच्या घाटात मी खिडकीतून दोनदा ओकले. त्या डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं असेल नसेल. घरी काही टेन्शन आहे का, असं त्यांनी प्रकाशला विचारलं. मला नाही, प्रकाशला. प्रकाशने जरा विचार केला आणि तसं काही नाही म्हणून सांगितलं. डॉक्टर समजूतदारपणे हसले, बायकांचं असतं असं म्हणाले, आणि झोपेची गोळी लिहून दिली. मी तेव्हा दिवसातले बहुतेक तास आडवीच असायचे. झोपेचा तेवढा एकच प्रश्न मला नव्हता.

दाजी

आता माझ्या आजारपणातला मुख्य माणूस. कुसुमताईचे यजमान निवृत्त मुख्याध्यापक आहेत. घरात सगळे त्यांना दाजी म्हणतात. जन्म खामगावचा, नोकरी खामगावची, पण आरोग्यावर बोलायला लागले की त्यांच्या तोंडून वऱ्हाडी हद्दपार होते आणि शुद्ध, घोटीव मराठी सुरू होते. निवृत्तीनंतर ते कुठल्याशा निसर्गोपचाराच्या शिबिरांना जाऊन आले. तेव्हापासून जगात त्यांना आजार दिसत नाहीत, फक्त चुका दिसतात. संधिवात ही चूक, दमा ही चूक, कुणाचा मुलगा मतिमंद जन्मला तर तीही गरोदरपणातली चूक. ज्येष्ठ नागरिकांच्या सभेत ते यावर भाषणं करतात आणि लोक टाळ्या वाजवतात, कारण चहा भाषणानंतर असतो.

प्रकाश त्यांच्यापुढे बोलत नाही. त्याला कारण आहे. तो आयटीआयला होता तेव्हा दाजींच्या घरी राहिला, त्यांच्या ताटात जेवला. वडील नसलेल्या मुलाला त्यांनी मार्गाला लावलं हे खरं आहे, आणि ते दाजींनी कुणाला विसरू दिलेलं नाही हेही खरं आहे.

कुसुमताईने मला हवापालटासाठी खामगावला बोलावून घेतलं. दुसऱ्याच दिवशी दाजींनी मला स्वयंपाकघरात तळहातावरचं मीठ चाटताना पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला. त्यांना चूक सापडली होती. मीठ हे विष आहे, तुझ्या कातडीतून ते विष वर आलंय, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. त्या दिवसापासून माझं मीठ बंद झालं. सकाळी दुधीचा रस, दुपारी अळणी उकडलेली भाजी, संध्याकाळी उपास. मला नाही म्हणायला हवं होतं असं पुढे पुष्कळांनी सांगितलं. नाही म्हणायला ताकद लागते, आणि माझ्यात पेला उचलायची नव्हती. प्रकाशला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, दाजी म्हणतात तर पाहू थोडे दिवस.

मला उलट्या सुरू झाल्या तेव्हा दाजी खूश झाले. मोरीच्या दाराशी उभं राहून ते म्हणाले, "येऊ दे. विष बाहेर पडतंय."

हे वाक्य मी मुद्दाम जसंच्या तसं लिहिलं आहे. एखादी बाई मोरीत भिंतीला धरून ओकते आहे, पोटात सुरी फिरवल्यासारखं दुखतंय, आणि बाहेर उभा असलेला माणूस समाधानाने तिचं मोजमाप घेतो आहे. त्या माणसाच्या मनात माझ्याबद्दल काडीचंही वाईट नव्हतं. तो मला बरं करत होता.

सकाळी कुसुमताईला मी मोरीच्या उंबऱ्यात पडलेली सापडले. दाजी मध आणायला गेले. कुसुमताई ऑटो आणायला गेली. ऑटो आधी आला, म्हणून मी हे लिहिते आहे.

तोंड उघडा

ऑटोने नेलं त्या खामगावच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. रक्त तपासायला गेलं होतं, नर्सला माझा दाब नीट मिळत नव्हता. डॉक्टरीणबाईंनी मला तोंड उघडायला लावलं आणि बॅटरीने हिरड्या पाहिल्या. हिरड्यांवर काळे डाग होते. मग त्यांनी माझा तळहात उलगडून रेषा पाहिल्या. रेषा शाईने ओढल्यासारख्या काळ्या. इतक्या महिन्यांत माझ्या रंगाबद्दल बोललेल्यांपैकी कुणीही माझं तोंड उघडून पाहिलं नव्हतं.

"मीठ खावंसं वाटतं का तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

मी काही बोलायच्या आत, मागोमाग येऊन पोचलेले दाजी म्हणाले, "ते आम्ही पूर्ण बंद केलं आहे."

डॉक्टरीणबाई त्यांच्याकडे वळल्या. ओरडल्या नाहीत. "तुम्ही बाहेर थांबा," एवढंच म्हणाल्या. दाजींना आयुष्यात कुणी बाहेर थांबायला सांगितलं नसावं. ते काही क्षण तिथेच उभे राहिले, आपण नक्की कोण आहोत हे कुणीतरी त्यांना सांगेल अशी वाट पाहत. कुणी सांगितलं नाही. मग ते गेले.

इंजेक्शन दिलं, दोन्ही हातांत सलाईन लावलं. प्रकाश धामणगावहून पोचला तेव्हा दुपार झाली होती, आणि मी उशीला टेकून बसले होते. मला खिचडी हवी होती, पापड हवा होता. तो पलंगाच्या कडेला बसला आणि माझ्या खाण्याकडे नुसता पाहत राहिला. पुढे अकोल्याला तपासणी होऊन आजाराचं नाव पक्कं झालं. नाव ऐकून रडू येतं म्हणतात. मला आलं नाही. मला नाव मिळालं याचा आनंद झाला. आळशी, मानसिक, कमजोर आणि विषारी या सगळ्यांपेक्षा ते नाव पुष्कळ बरं होतं.

वॉर्ड

दवाखान्यातल्या दिवसांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. सिस्टर येते, दाब घेते, लिहिते, जाते. बोट टोचून साखर पाहते. एकदा झोपून दाब, एकदा बसून, एकदा उभं राहून. डॉक्टर फेरीला येणार म्हणून सकाळी सगळ्या चादरी ओढून ताणतात आणि ते गेले की पुन्हा चुरगळतात. नातेवाईक येतात, सफरचंद आणतात, माझ्या रंगाकडे पाहतात आणि नजर सफरचंदाकडे वळवतात.

माझ्या शेजारच्या पलंगावर जलंबची एक म्हातारी होती. तिच्या मूत्रपिंडांचं दुखणं होतं आणि तिला मीठ बंद होतं, ते खऱ्या डॉक्टरांनी. माझ्या ताटात सिस्टर मिठाची जादा पुडी ठेवायची. म्हातारी माझ्या पुडीकडे अशी पाहायची की मला घास गिळेना. शेवटी मी भिंतीकडे तोंड करून जेवायला लागले. तेव्हा ती म्हणाली, "पोरी, इकडं तोंड कर. मी पाह्यलं तं तेवढंच मले बरं वाटते." मग मी तिच्याकडे तोंड करून जेवले. मिठाचं काय करायचं हे ज्याच्या त्याच्या अंगाला विचारावं लागतं. एवढी साधी गोष्ट कळायला दाजींनी त्या दोन पलंगांच्या मधल्या स्टुलावर एक दुपार बसायला हवं होतं.

भीती मात्र तिथे असताना बसली, ती अजून आहे. एवढी वर्षं आत काहीतरी अखंड सांभाळत होतं आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. मी त्याचे कधी आभार मानले नव्हते, कारण ते आहे हेच माहीत नव्हतं. आता ते नाही. गोळ्या विसरले तर? पूर आला, रस्ता बंद झाला, दुकानात गोळ्या नसल्या तर? आणि हे सगळं केलं कुणी? बाहेरून कुणी आलं नव्हतं. माझ्याच रक्तातल्या रखवालदारांनी त्या ग्रंथींना परक्या समजून मारलं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मला दाजींची आठवण झाली. आपल्याच माणसाला वाचवण्याच्या नादात त्याचा जीव घेणारे बाहेरच असतात असं नाही.

स्टेरॉइड

माझ्या गोळ्यांना स्टेरॉइड म्हणतात हे नातेवाइकांत कळलं आणि घरात मयत झाल्यासारखी माणसं येऊ लागली. हाडं ठिसूळ होतात, तोंड सुजतं, सवय लागते. डोकेदुखीला मेडिकलवाल्याने पुडीत बांधून दिलेल्या चार रंगांच्या गोळ्या नाव न विचारता गिळणारे लोक मला औषधाचे धोके सांगत होते. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की तुमच्या अंगाने जे बनवायला हवं होतं तेवढंच आम्ही बाहेरून देतोय, जास्त नाही. हे मी प्रत्येकाला सांगायचे. प्रत्येक जण मान हलवायचा आणि विचारायचा, पण कधी बंद होणार?

दाजींनी धीर सोडला नव्हता. फोनवर ते प्रकाशला सांगत की मीठ बंद ठेवण्याचा उपचार अर्धवट सोडला म्हणून हे झालं. आजन्म गोळ्या म्हणजे डॉक्टरांचं कायमचं गिऱ्हाईक. प्रकाश ऐकून घ्यायचा. हो दाजी, हो दाजी. आणि फोन ठेवून माझ्यासमोर पाण्याचा पेला आणि गोळी ठेवायचा. गोळीची वेळ त्याने एकदाही चुकवली नाही, पण दाजींना एकदाही उलटून बोलला नाही.

मला ते सहन होईना. मी त्याला सरळ विचारलं, की तुमच्या तोंडाला काय झालंय. तो मोटारीची तार गुंडाळत होता. मान खाली घालूनच म्हणाला, "दाजी हायेत ते. मी काय बोलू त्याइले?"

त्यानंतर बरेच दिवस आमचं बोलणं कामापुरतं राहिलं. आजारी माणसाच्या घरात सगळ्यांनी एकमेकांचे हात धरलेले असतात असं जे चित्र असतं, ते काढणाऱ्याच्या घरी कुणी आजारी पडलेलं नसावं. मला प्रकाशचा तिटकारा यायला लागला होता, आणि त्याच्याच हातून मी रोज गोळी घेत होते.

ताप

या आजारात एक नियम सगळ्यात महत्त्वाचा. ताप आला की धडधाकट माणसाचं अंग ग्रंथींमधलं ते द्रव्य आपोआप वाढवतं. आपलं वाढवत नाही, म्हणून गोळी आपण वाढवायची. आणि उलटी होऊन गोळी पोटात राहत नसेल तर इंजेक्शन. ते घरी ठेवायचं असतं आणि घरातल्या कुणाला तरी द्यायला शिकवलेलं असावं लागतं. सिस्टरने प्रकाशला शिकवलं होतं. त्याला स्वतःला सुई पाहिली की घाम फुटतो. तो भरताच्या वांग्यावर सराव करायचा, आणि मग त्या वांग्याचं भरीत करू देत नसे.

पावसाळा संपता संपता गावात तापाची साथ आली. मलाही ताप भरला. मी गोळी वाढवली, ती उलटून पडली. पुन्हा घेतली, पुन्हा पडली. नेमके त्या दिवशी कुसुमताई आणि दाजी मोताळ्याला कुणाच्या साखरपुड्याला आले होते, तिथून आमच्याकडे आले. प्रकाश दुकानात होता. दाजींनी माझ्या कपाळाला हात लावला, उलटीचं घमेलं पाहिलं, आणि निर्णय दिला. ताप हा शरीराचा मित्र आहे. पोटाला विश्रांती द्या. गोळ्या थांबवा.

मला सगळं ऐकू येत होतं, जीभ जड झाली होती. कपाटातला डबा, इंजेक्शन, प्रकाशला बोलवा, एवढं मी कसंबसं कुसुमताईला सांगितलं. ती माझ्याकडे पाहत होती आणि दाजींकडे पाहत होती. दाजी म्हणाले की घाबरायचं काही कारण नाही. मग ती पाणी आणते म्हणून मागच्या अंगणात गेली. पाणी काही आलं नाही. आला तो प्रकाश, हाताला तेल-काजळी तशीच. कुसुमताईने अंगणातून फोन केला होता. लग्नानंतर नवऱ्याच्या पाठीमागे केलेली ही आपली पहिलीच गोष्ट, असं तिने मला पुढे सांगितलं.

प्रकाशने हात घासून धुतले. डबा काढला, बाटलीतल्या भुकटीत पाणी सोडलं, हलवलं. सुई बाटलीच्या तोंडाला दोनदा लागून सरकली. दाजी पलंगाजवळ येऊन उभे राहिले. तू डॉक्टर नाहीस, असं त्यांनी सुनावलं. काही बरंवाईट झालं तर जबाबदार कोण, मी वडीलधारा म्हणून सांगतोय, ते खाली ठेव.

प्रकाशने वर पाहिलं. आवाज चढवला नाही.

"दाजी, तुमी मले घरात ठेवलं, जेवू घातलं, मी कधी वर तोंड करून बोललो नाही. आता बोलतो. हिच्या औषधात तुमी पडू नका. बाजूले व्हा."

दाजी हलले नाहीत. तेव्हा कुसुमताई त्यांच्या दंडाला धरून म्हणाली, "चला बाहेर." आणि त्यांना घेऊन गेली.

प्रकाशने साडीवरूनच माझ्या मांडीत सुई घातली. वांग्यापेक्षा मी अवघड निघाले असणार, कारण त्याने डोळे मिटून घेतले होते. मग शेजाऱ्याच्या जीपमध्ये घालून मला बुलढाण्याला नेलं. घाट चढेपर्यंत मी माणसात आले होते. प्रकाश माझं डोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि त्याच्या शर्टाला ग्रीसचा वास येत होता. मी त्याला म्हटलं की सुई जरा तिरकी घातली. तो म्हणाला, बरं, पुढच्या वेळी सरळ घालीन. आमचं बोलणं तिथून पुन्हा सुरू झालं.

दाजींना पश्चात्ताप झाला का, असं पुष्कळ जण विचारतात. नाही. तो ताप आपोआपच उतरला असता, असं त्यांचं मत आहे, आणि त्यांच्या भाषणांत आता इंजेक्शनची घाई करणाऱ्या एका नातेवाइकाचं उदाहरण असतं. ते आमच्याकडे येत नाहीत. कुसुमताई येते, एकटी, एसटीने. मी दाजींच्या तब्येतीची चौकशी करते. ती म्हणते, बरे आहेत, कुणाला तरी सुधरवून राह्यले.

रुखसाना

डॉक्टरीणबाईंनी मला विचारून माझा नंबर धाड गावच्या एका मुलीला दिला. रुखसाना तिचं नाव, वय पंचविशीच्या आत, नवरा गाद्या भरण्याचं काम करतो. तिला हाच आजार निघाला होता. फोनवर ती इतकं कमी बोलली की मला काळजी वाटली. बाजाराच्या दिवशी मी आणि प्रकाश धाडला गेलो.

घरात कापसाचे तंतू उडत होते. सासूने चहा दिला आणि सुनेला नजर लागली आहे असं सांगितलं. रुखसानाच्या गळ्यात तावीज बांधला होता. मी म्हटलं, राहू द्या, गोळ्या सुरू असल्या की ताविजाने काही बिघडत नाही. सासऱ्यांनी विचारलं की या गोळ्या किती महिने द्यायच्या. मी सांगितलं, जोवर सून जिवंत हवी तोवर. नवरा मात्र कान देऊन ऐकत होता, आणि प्रकाश त्याला बाहेर नेऊन इंजेक्शन कसं भरायचं ते दाखवत होता. त्यांच्या घरी येताना वाटेत त्याने मला विचारलं होतं, इकडे वांगी मिळतात ना?

रुखसाना मला आतल्या खोलीत घेऊन गेली. माझ्याइतकीच काळवंडली होती, किंवा मी पूर्वी होते तितकी. वाटलं होतं, रंग कधी उतरेल, मूल होईल का, असं काही विचारेल. तिने वेगळंच सांगितलं.

"ताई, मले आता राग बी येत नाही. सगळे बोलतात, मी ऐकते. मी अशी नव्हती पहले."

गोळ्या रोज घेतेस का, असं मी विचारलं. ती म्हणाली, मधात दोन रोज सासूने रोखल्या. ते सांगतानाही तिच्या आवाजात काही नव्हतं. जणू दुसऱ्याच कुणाच्या सासूचं सांगत होती.

मी तिला म्हटलं, "एक रोज चुकवू नको. पहिले भूक येईल. मग राग येईल."

"खरंच येते?"

"माझ्याकडे पाह्य ना."

तिने पाहिलं, आणि ओढणी तोंडावर घेऊन हसली.

पुढे काही दिवसांनी तिचा फोन आला. मी कार्यालयात होते. आवाज ओळखू आला नाही, इतका मोकळा होता. ताई, आज मी सासूसंगं भांडली, ती म्हणाली. मी विचारलं, काऊन. तर सासू पुन्हा म्हणाली होती की सूज येते, गोळ्या बंद कर. रुखसानाने तिला सांगितलं होतं की तुम्ही आधी चष्मा बंद करा, मग मी गोळ्या बंद करते.

"मग काय म्हणाल्या त्या?"

"चष्मा पुसत बसली."

मी तिला विचारलं, जेवलीस का.

"दोनदा," ती म्हणाली.